पत्ता तोच, मजकूर ताजा : सर्व्हरविना वेबपानांची पंचवीस वर्षे

२९ एप्रिल २०१७ रोजी तुर्कस्तानच्या सरकारने विकिपीडिया सगळ्या भाषांत बंद केला. काही दिवसांतच तुर्की विकिपीडियाची संपूर्ण प्रत आयपीएफएस नावाच्या जाळ्यावर आली. या जाळ्याला एक मालक नाही की एक सर्व्हर नाही. ज्याच्याकडे प्रत आहे तो संगणक ती पुढच्याला देतो. बंदी घालणाऱ्याला ‘आता अडवायचे कोणाला?’ असा पेच पडावा, इतपत ही युक्ती चोख होती. अडचण निघाली ती दुसरीच. ती प्रत ज्या दिवशी काढली त्या दिवशीची होती. मूळ विकिपीडियावर दुरुस्त्या चालूच होत्या आणि कोणीतरी मुद्दाम नवी प्रत काढून चढवल्याशिवाय जाळ्यावरची प्रत पुढे सरकणार नव्हती. घटना न्यायालयाच्या निकालानंतर बंदी उठली ती १५ जानेवारी २०२० रोजी. ज्ञानकोशाच्या हिशेबात एवढा काळ फार मोठा.

संगणकाकडून थेट संगणकाकडे, म्हणजे पीअर-टू-पीअर पद्धतीने, फाइल कशी वाटायची हे कोडे केव्हाच सुटले आहे. पण वेबपान म्हणजे नुसती फाइल नव्हे. ते बदलते. बातमी पुढे सरकते, चूक दुरुस्त होते, वेळापत्रक नवे लागते. पत्ता तोच ठेवून मजकूर ताजा ठेवायचा आणि मध्ये सर्व्हर मात्र नको, ही मागणी गेली पंचवीस वर्षे वेगवेगळ्या मंडळींनी वेगवेगळ्या तऱ्हेने हाताळली. त्या प्रयत्नांत काय साधले आणि घोडे कुठे अडले, याचा हा आढावा.

अडचण नेमकी कुठे आहे

नेहमीच्या वेबवर पत्ता म्हणजे ठिकाण. संकेतस्थळाचे नाव टाकले की ब्राउझर ठरावीक सर्व्हर गाठतो आणि तो देईल ते दाखवतो. मालकाने सकाळी मजकूर बदलला की दुपारी येणाऱ्याला नवा मिळतो. पत्त्याचा मजकुराशी काही संबंधच नसल्यामुळे बदल करायला काहीच पडत नाही. किंमत दुसरीकडे मोजावी लागते. सर्व्हर बिघडला, त्याचे भाडे थकले किंवा सरकारने तो अडवला, की पान गेले.

फाइल वाटपाच्या जाळ्यात फाइल अनोळखी माणसाकडून घ्यायची असते. त्याने मागितली तीच दिली की भलतेच काही खपवले, हे तपासायची सोय लागते. म्हणून मजकुरावर गणिती प्रक्रिया करून एक छोटी खूण काढतात, तिला हॅश म्हणतात. मजकुरातला एक स्वल्पविराम हलला तरी हॅश पार बदलतो. हा हॅश हाच फाइलचा पत्ता. ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली आणलेल्या बिटटोरंटमध्ये फाइलचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्याचा हॅश काढतात आणि त्या सगळ्या यादीचा पुन्हा एक २० बाइटांचा हॅश काढतात. टोरंटची ओळख ती एवढीच. ती हातात असली की कोणाहीकडून तुकडे घ्या, खोटा तुकडा लगेच पकडला जातो.

भरवशाचे हे साधन बदलाच्या मात्र आड येते. मजकूर बदलला की हॅश बदलतो, म्हणजे पत्ता बदलतो आणि जुनी लिंक जन्मभर जुन्याच मजकुराकडे नेते. छापून विकल्या गेलेल्या पुस्तकासारखी ही अवस्था आहे. प्रकाशक शुद्धिपत्रक काढू शकतो, सुधारित आवृत्ती काढू शकतो. वाचकाच्या कपाटातल्या प्रतीपर्यंत त्याचा हात पोचत नाही.

रोजच्या वापरातही हे दिसते. विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता यावा म्हणून किविक्स हा प्रकल्प त्याच्या फाइली तयार करतो. मराठी विकिपीडियाचीही अशी फाइल आहे. त्या टोरंटने उतरवता येतात. पण दर वेळची सुधारित फाइल म्हणजे नवे टोरंट, आणि ते आले आहे हे कळायला किविक्सच्या संकेतस्थळावरच जावे लागते. जुन्या मराठी पुस्तकांच्या कितीतरी स्कॅन प्रती जिथे सापडतात, ते इंटरनेट अर्काइव्ह २०१२ पासून आपल्या संग्रहाची टोरंट देते. तिथल्या एखाद्या नोंदीतल्या फाइली बदलल्या की तिचे टोरंटही नव्याने बनते. मग जुने टोरंट घेऊन बसलेले एका कळपात आणि नवे घेणारे दुसऱ्या कळपात, अशी फाटाफूट होते. तेच पुस्तक दोन्हीकडे असूनही एकमेकांना देता येत नाही.

उत्तर २००० सालीच सापडले होते

गंमत अशी, की या कोड्याचा गाभा सुरुवातीलाच सुटला होता. एडिंबरा विद्यापीठातला विद्यार्थी इयन क्लार्क याने १९९९ साली विकेंद्रित साठवणीवर प्रबंध लिहिला आणि पुढच्याच वर्षी त्यातून फ्रीनेट हा प्रोग्राम उभा राहिला. गाण्यांच्या फाइली वाटणारे नॅपस्टर तेव्हा गाजत होते, पण नॅपस्टरची सूची एका कंपनीच्या सर्व्हरवर होती. २००१ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर ते बंद पडले. फ्रीनेटला गाण्यांपेक्षा प्रकाशनात रस होता. कोणी लिहिले आणि कोणी वाचले हे कळू नये आणि लिहिलेले कोणाला पुसता येऊ नये, हा त्याचा हेतू.

फ्रीनेटमध्ये मुख्यतः दोन प्रकारचे पत्ते होते. पहिला मजकुराच्या हॅशवरून काढलेला. दुसरा लेखकाच्या किल्लीवरून. इथे किल्ल्यांची जोडी असते : खासगी किल्ली लेखक स्वतःकडे ठेवतो आणि तिने सही करतो, सार्वजनिक किल्लीने ती सही कोणीही तपासू शकतो. फ्रीनेटच्या कर्त्यांनी सुचवले ते असे. मजकूर पहिल्या प्रकारच्या पत्त्यावर ठेवा, तो कधीच बदलणार नाही. दुसऱ्या पत्त्यावर फक्त एक चिठ्ठी ठेवा : ‘सध्याचा मजकूर अमुक हॅशवर आहे.’ मजकूर बदलला की सही करून नवी चिठ्ठी लावा. वाचकाने लक्षात ठेवायचा तो चिठ्ठीचा पत्ता. मजकूर कोणाहीकडून आला तरी तो खरा की खोटा हे आपोआप कळते.

नंतरच्या जवळजवळ प्रत्येक प्रणालीत हाच सांगाडा दिसतो. फरक आहे तो चिठ्ठी कुठे ठेवायची, जुनी कशी बाद करायची आणि ती जिवंत कोणी ठेवायची, यात.

फ्रीनेटलाच याचा पहिला अनुभव आला. जाळ्यात टाकलेली वस्तू अनेकांच्या साठ्यात पसरते आणि जुनी चिठ्ठी सगळीकडून उतरवणारा मध्यवर्ती हात नसतो. म्हणून एक तोड निघाली : पत्त्यातच तारीख गुंफायची. वाचकाचा प्रोग्राम आजच्या तारखेवरून आजची चिठ्ठी शोधणार. त्यामुळे जुन्या चिठ्ठीचा त्रास संपला, पण लेखक रोजच्या हजेरीला बांधला गेला. मजकुरात काडीचा बदल नसला तरी चिठ्ठी नव्याने टाकायलाच हवी; एक दिवस चुकला की त्या दिवशी आलेल्या वाचकाला पान सापडत नसे. पुढे क्रमांकाची पद्धत आली. पत्त्याच्या शेवटी आवृत्तीचा आकडा असतो. तुम्हाला सातवी आवृत्ती माहीत असेल तर प्रोग्राम मागच्या मागे आठवी, नववी आहे का ते पाहत राहतो. लेखकाची रोजची हजेरी सुटली. मात्र फ्रीनेटमध्ये कोणी न मागितलेला मजकूर हळूहळू साठ्यातून गळतो, ही अट कायम राहिली. हा जुना प्रकल्प आजही चालू आहे. २०२३ मध्ये त्याने हायफॅनेट हे नाव घेतले आणि फ्रीनेट हे नाव क्लार्क यांच्या नव्या, वेगळ्या प्रणालीकडे गेले.

बिटटोरंट : हजार बाइटांची चिठ्ठी

बिटटोरंटचा पसारा फ्रीनेटच्या कितीतरी पट मोठा, त्यामुळे पान त्यावरच चालवावे असे अनेकांना वाटले. पहिले उपाय ओढूनताणून होते. नव्या टोरंटची यादी आरएसएस फीडने द्यायची, किंवा टोरंटच्या आतच एक वेबपत्ता ठेवायचा आणि प्रोग्रामने तिथे नवे टोरंट आले का ते विचारायचे. दोन्हींत ताजेपणाची किल्ली पुन्हा सर्व्हरकडेच गेली.

खरी सोय झाली ती विकेंद्रित सूचीमुळे. पेतर मायमुनकोव्ह आणि डेव्हिड माझिएर यांनी २००२ मध्ये कॅडेम्लिया ही पद्धत मांडली होती. लाखो संगणकांनी मिळून एकच नोंदवही चालवायची. कोणती नोंद कोणाकडे, हे पत्त्यांच्या गणिती अंतरावरून ठरते. २००५ मध्ये बिटटोरंटने ही पद्धत उचलली, ती ‘कोणते टोरंट कोणाकडे आहे’ हे सांगण्यासाठी. २०१४ च्या बीईपी ४४ या प्रस्तावाने त्याच वहीत छोटी नोंद ठेवायची मुभा दिली. नोंद फार तर १००० बाइटांची. सोबत ३२ बाइटांची सार्वजनिक किल्ली, ६४ बाइटांची सही आणि एक चढता क्रमांक. मोठा क्रमांक आला की लहान क्रमांकाची चिठ्ठी बाद. बीईपी ४६ ने पुढची पायरी सांगितली : या नोंदीत ताज्या टोरंटचा हॅश ठेवा आणि लिंक किल्लीच्या नावाने द्या. पत्ता तोच, मजकूर नवा, आणि मध्ये कोणी नाही.

या रचनेतली एक बारीक तरतूद मला सगळ्यात मोलाची वाटते. वहीतल्या नोंदी दोन तासांनी पुसल्या जाऊ शकतात. त्या टिकवायला साधारण तासातासाने पुन्हा नोंदवाव्या लागतात. पण हे काम लेखकानेच करायला हवे असे नाही. चिठ्ठीवर सही आधीच झालेली असते, त्यामुळे कोणताही वाचक खासगी किल्लीशिवाय तीच चिठ्ठी पुन्हा नोंदवू शकतो. लेखक गप्प झाला तरी वाचकांना पान जागते ठेवता येते.

आणखी एक प्रश्न उरतो. हजार पानांच्या संकेतस्थळात एकच पान बदलले तर सगळे पुन्हा उतरवायचे का? बिटटोरंटच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक फाइलला स्वतंत्र हॅश मिळाला, त्यामुळे दोन टोरंटांमधली समान फाइल ओळखता येते आणि बदललेली तेवढीच आणता येते.

म्हणजे सुटे भाग सगळे तयार आहेत. तरीही बदलणाऱ्या टोरंटचा प्रस्ताव लोकप्रिय प्रोग्रामांत फारसा उतरला नाही. बिटटोरंट वापरणाऱ्या बहुतेकांना एकदा मिळाली की पुन्हा न बदलणारी फाइल हवी असते. पान वाचायला कोणी टोरंटचा प्रोग्राम उघडत नाही. बिटटोरंट कंपनीने ही दरी ओळखली होती. डिसेंबर २०१४ मध्ये तिने क्रोमियमवर बेतलेला मेलस्ट्रॉम हा ब्राउझर जाहीर केला. त्यात टोरंटची लिंक उघडली की आतले संकेतस्थळच दिसायचे. २०१५ च्या एप्रिलमध्ये चाचणी आवृत्ती आली आणि काही काळाने प्रकल्प विरून गेला. याच कंपनीच्या २०१३ मधल्या सिंक या प्रोग्रामने मात्र दाखवून दिले, की एका किल्लीवर बदलता फोल्डर अनेकांना देणे व्यवहारात चालते. त्यात लिहिण्याची किल्ली वेगळी, नुसती वाचण्याची वेगळी. पुढे तो रेझिलिओ या नावाने स्वतंत्र झाला.

झिरोनेट : वाचक हाच वाटेकरी

पूर्ण संकेतस्थळे चालवण्याचा गंभीर प्रयत्न २०१५ मध्ये हंगेरीच्या तमाश कोचिश यांनी केला. झिरोनेटमध्ये संकेतस्थळाचा पत्ता म्हणजे बिटकॉइनच्या धर्तीवर किल्लीतून काढलेला अक्षरांचा पुंजका. प्रत्येक स्थळाची एक यादीची फाइल असते. तीत बाकीच्या फाइलींचे हॅश, बदलाची वेळ आणि मालकाची सही. पान उघडले की फाइली तुमच्या संगणकावर येतात आणि तिथून इतरांना जाऊ लागतात. सोबती, म्हणजे तेच स्थळ ठेवणारे इतर संगणक, शोधायला बिटटोरंटचेच ट्रॅकर, म्हणजे कोणाकडे काय आहे हे सांगणारे सर्व्हर, वापरले जातात. बदल झाला की मालकाचा संगणक नवी यादी जोडलेल्या सोबत्यांकडे ढकलतो आणि उघडे पान डोळ्यांदेखत बदलते.

झिरोनेटने एक कठीण गोष्टही करून दाखवली : अनेकांनी लिहायचे पान. सर्व्हर नसताना प्रतिक्रिया किंवा चर्चा कशी चालवायची? त्यांचे उत्तर असे, की प्रत्येक वापरकर्त्याला स्थळात स्वतःचा कोपरा आणि स्वतःच्या सहीची वेगळी यादी द्यायची. कोणाला किती जागा, हे नियम मालकाच्या सहीने ठरतात. पण एकाच माणसाने शंभर नावांनी उच्छाद मांडू नये म्हणून ओळखपत्र देणारा कोणी लागला, आणि झिरोआयडी ही ओळखपत्रे देणारे एकच ठिकाण बनले. मागच्या दाराने मध्यवर्ती यंत्रणा आत आली. मूळ विकास काही वर्षांत थंडावला. नंतरचे काम त्यातून फुटलेल्या शाखांनी चालवले.

डॅट आणि बीकर : मोकळेपणाचा प्रयोग

डॅटचा जन्म संशोधनाच्या गरजेतून झाला. २०१३ मध्ये मॅक्स ऑग्डेन यांनी तो सुरू केला तो मोठमोठे, बदलते विदासंच शास्त्रज्ञांना एकमेकांना देता यावेत म्हणून. डॅट फाइलींऐवजी बदलांची वही ठेवतो. नोंद फक्त शेवटी जोडता येते. मधली नोंद खोडता येत नाही आणि संपूर्ण वहीवर सहीचा ताबा असतो. त्यामुळे जुनी आवृत्ती हवी तेव्हा काढता येते आणि ताजी मिळवायला शेवटच्या काही नोंदीच आणाव्या लागतात. बदलत्या पानासाठी इतकी नीटस रचना दुसरी नाही.

पॉल फ्रेझी आणि तारा व्हॅन्सिल यांच्या बीकर या ब्राउझरने त्यावर सुरेख घर बांधले. ब्राउझरमध्येच ‘नवे संकेतस्थळ’ म्हणायचे, लिहायचे, लिंक मित्राला पाठवायची. दुसऱ्याचे स्थळ आवडले तर त्याची प्रत घेऊन आपले करायचे. घरगुती संगणकावरून प्रकाशन इतके सोपे क्वचितच झाले असेल. पण लॅपटॉप मिटला की स्थळही मिटायचे. म्हणून याच मंडळींना हॅशबेस ही सतत जागी राहणारी सेवा काढावी लागली, म्हणजे नाव वेगळे असले तरी काम सर्व्हरचेच. दुसरी मर्यादा वहीच्या स्वभावातली. तीच खासगी किल्ली दोन यंत्रांवर ठेवून दोन्हीकडून लिहिले तर वहीला दोन फाटे फुटतात आणि जाळे तिच्यावर विश्वास ठेवीनासे होते. घरी एक आणि कार्यालयात एक असे दोन संगणक वापरणाऱ्या साध्या लेखकालाही हे जाचते. बीकरचे काम २०२२ च्या अखेरीस अधिकृतपणे थांबले. खालची वहीची पद्धत हायपरकोअर या नावाने इतर प्रकल्पांत चालू आहे.

आयपीएफएस : सर्वांत मोठे जाळे, सर्वांत अरुंद दार

या घराण्यातले सर्वांत यशस्वी नाव आयपीएफएसचे. हुआन बेनेट यांनी २०१४ मध्ये त्याचा आराखडा मांडला. पत्ता हॅशचा, सूची कॅडेम्लियाच्या वंशातली, आणि बदलत्या पानांसाठी आयपीएनएस ही किल्लीवरची चिठ्ठी. माझिएर यांच्याच आधीच्या एका फाइल प्रणालीतून ही कल्पना घेतल्याचे त्या आराखड्यात म्हटले आहे. सांगाडा ओळखीचा आहे, पण एका तपशिलाने बराच फरक पडतो. आयपीएनएसच्या चिठ्ठीवर सहीबरोबर मुदतही असते. लेखक ती हवी तर वाढवू शकतो, पण नेहमीच्या मांडणीत ती दिवसा-दोन दिवसांची असते. मुदत टळली की इतरांनी चिठ्ठी कितीही जपून ठेवली तरी ती बाद. शिळी चिठ्ठी फिरत राहू नये म्हणून हा बंदोबस्त. त्याची किंमत अशी, की लेखकाचा संगणक बंद पडला तर मजकूर जाळ्यात असूनही नाव रिकामे होते.

चिठ्ठी शोधायला लागणारा वेळ ही आयपीएनएसबद्दलची जुनी तक्रार. म्हणून अनेक स्थळे ताज्या हॅशची नोंद नेहमीच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन नावांच्या सूचीतच, ठेवतात. वेग येतो, लक्षात राहणारे नावही मिळते. पण डोमेन विकणारी कंपनी आणि ते अडवणारे सरकार दोघेही परत येतात.

दाराचा प्रश्न याहून मोठा. साध्या ब्राउझरला आयपीएफएस कळत नाही, म्हणून बहुतेक वाचक गेटवेमधून, म्हणजे जाळ्यातला मजकूर साध्या वेबवर दाखवणाऱ्या सर्व्हरमधून येतात. २०१७ च्या कॅटलोनिया सार्वमताच्या वेळी मतदान केंद्र शोधण्याचे पान आयपीएफएसवर ठेवले होते. स्पेनमध्ये त्यावर उपाय झाला तो सोपा : गेटवेचा पत्ताच अडवला. जाळे शाबूत होते, सामान्य मतदाराचे दार बंद झाले. ब्रेव्ह ब्राउझरने २०२१ मध्ये आयपीएफएसला थेट आधार दिला आणि २०२४ मध्ये काढून घेतला. क्लाउडफ्लेअरने २०१८ मध्ये उघडलेले गेटवे २०२४ मध्ये दुसऱ्यांकडे सोपवले. दरम्यान, काढता न येणारी पाने ठेवायला जागा मिळाली म्हणून बँकेच्या नावाने पासवर्ड उकळणाऱ्या ठगांनीही या गेटवेचा लाभ घेतला.

नावाचा तिढा

किल्लीपासून काढलेला पत्ता सुरक्षित असतो, पण फोनवर कोणाला सांगता येत नाही. झूको विल्कॉक्स यांनी २००१ मध्ये हा तिढा त्रिकोणात मांडला : नाव माणसाला कळणारे, फसवता न येणारे आणि मध्यवर्ती अधिकाऱ्याविना चालणारे असावे, यातले दोन गुण मिळतात, तिसरा निसटतो. २०११ मध्ये आलेल्या नेमकॉइनने बिटकॉइनसारख्या साखळीवर नावे नोंदवून तिन्ही साधल्याचा दावा केला, आणि झिरोनेटने त्याची ‘बिट’ नावे स्वीकारली. तांत्रिकदृष्ट्या दावा खोटा नव्हता. पण २०१५ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी सुमारे १,२०,००० नोंदलेली नावे तपासली, तेव्हा खरोखर वापरात असलेली, काही मजकूर असलेली निघाली फक्त २८. बाकीची बहुतेक अडवून ठेवलेली. जो पहिला येईल त्याला नाव, आणि वाद सोडवायला कोणी नाही, म्हटल्यावर दुसरे काय होणार? २०१७ पासून इथेरियम या दुसऱ्या साखळीवर चालणाऱ्या ईएनएस या नावनोंदणीने दरवर्षी भाडे आकारून हा मोह थोडा आवरला. पण नावासाठी दरवर्षी पैसे भरायचे, तर जुन्या डोमेनपेक्षा तो व्यवहार फारसा निराळा राहत नाही.

ताजे कशावरून?

सही खरी आहे हे सिद्ध करता येते. याच्यानंतरची चिठ्ठी अस्तित्वातच नाही, हे सिद्ध करता येत नाही. एखाद्या सोबत्याने मुद्दाम जुनी, पण खऱ्या सहीची चिठ्ठी दिली तर नव्याने आलेल्या वाचकाला ते ओळखायचे साधन नाही. पाच-दहा जणांना विचारून सर्वांत मोठा क्रमांक घेणे एवढाच उपाय, आणि तोही सगळे विचारलेले फितूर नसतील तर. आयपीएनएस मुदत लावते आणि बीईपी ४४ क्रमांकावर भागवते, ती याच दुखण्याची दोन औषधे. एकात शिळेपणाला आळा बसतो आणि लेखकावर ओझे पडते. दुसऱ्यात लेखक मोकळा राहतो आणि वाचकाला सावध राहावे लागते.

किल्लीचे तसेच. ती हरवली तर पान आहे त्या अवस्थेत गोठते, कारण ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून दाद मागायला इथे कोणी नाही. चोरीला गेली तर चोर हाच लेखक.

पुसण्याचा प्रश्न याहून अवघड. नवी चिठ्ठी लावल्याने जुना मजकूर नाहीसा होत नाही. त्याचा हॅश माहीत असलेल्याला तो मिळू शकतो. सरकारी दडपणापुढे हाच गुण, पण कोणाचा खासगी तपशील चुकून छापला गेला तर हाच दोष. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने व्यक्तीला आपली माहिती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. ज्या जाळ्यात पुसणारा हातच नाही, तिथे तो हक्क कोणाकडे मागायचा? शिवाय बिटटोरंटच्या घराण्यात वाचक लपत नाही. पान वाचणारा ते वाटतही असतो, त्याचा आयपी पत्ता सोबत्यांना दिसतो आणि वाटलेल्या मजकुराची जबाबदारी त्याच्या गळ्यात पडू शकते. फ्रीनेटने साठा कूटरूपात ठेवून हे टाळले. त्यासाठी वेग सोडला.

भारतीय वाचकासाठी याचा अर्थ

आपल्याकडे अडवणुकीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होऊ नये. डिसेंबर २०१४ मध्ये केंद्राच्या आदेशाने ३२ संकेतस्थळे अडवली गेली; त्यांत गिटहब, व्हिमिओ आणि इंटरनेट अर्काइव्हही होते. अशा ठिकाणी विकेंद्रित प्रत कामाला येते. पण एखाद्या जिल्ह्यात इंटरनेटच बंद केले, जे भारतात वारंवार होते, तर हे जाळेही त्याच तारांवर चालत असल्यामुळे आडवे पडते. एकाच वायफायवरचे संगणक एकमेकांना शोधू शकतात, ही डॅट आणि बिटटोरंटची सोय त्या वेळी मर्यादित कामाची. तीही प्रत आधीच कोणाकडे असेल तर.

दुसरी गोष्ट फोनची. बहुतेक भारतीय वाचक फोनवर वाचतात. फोन सतत जागा ठेवला तर बॅटरी आणि डेटा दोन्ही जातात, आणि मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच बाह्य पत्त्यामागे ठेवत असल्याने बाहेरून त्या फोनपर्यंत पोचणे कठीण असते. टेबलावरच्या, तारेने जोडलेल्या संगणकाच्या काळात ‘प्रत्येक वाचक हाच वाटेकरी’ हे सूत्र जुळले. फोनच्या काळात वाचक पुष्कळ असतात, वाटेकरी थोडे.

ताळेबंद

सगळे प्रयत्न एका ओळीत मांडले की चित्र स्पष्ट होते. मजकूर अचल ठेवावा आणि सहीची छोटी चिठ्ठी चल ठेवावी, यावर सगळ्यांचे एकमत आहे, आणि ते उत्तर फ्रीनेटपासून टिकून आहे. जिथे जिथे काम अडले तिथे मध्यवर्ती मदतनीस परत आला : नावासाठी डीएनएस, दारासाठी गेटवे, ओळखीसाठी झिरोआयडी, जागरणासाठी हॅशबेस. याला पराभव म्हणणे घाईचे. फरक असा, की हे मदतनीस बदलता येतात. गेटवे बंद झाला तर दुसरा चालतो, आणि त्याने मजकुरात हेराफेरी केली तर हॅश तपासणाऱ्या वाचकाला ती कळते. नेहमीच्या सर्व्हरच्या बाबतीत ही ग्वाही नसते.

म्हणून अशा प्रणालीची पारख ‘यात सर्व्हर आहे की नाही’ या प्रश्नाने करू नये. लेखक गप्प झाला तर काय उरते, हे विचारावे. बीईपी ४४ मध्ये वाचकांची इच्छा असेल तर चिठ्ठी आणि मजकूर दोन्ही उरतात. झिरोनेटमध्ये वाचकांच्या संगणकांवर शेवटची आवृत्ती राहते. डॅटमध्ये कोणीतरी प्रत जागी ठेवली तर सगळा इतिहास उरतो. आयपीएनएसमध्ये मजकूर उरू शकतो, नाव जाते. फ्रीनेटमध्ये मागणी असेल ते उरते.

यावरून कोणत्या पानांना हा मार्ग लाभतो हेही कळते. मिनिटामिनिटाला बदलणारे पान, पैशाचा व्यवहार, खासगी माहिती यांनी इकडे फिरकू नये. जे महिन्यातून एक-दोनदा बदलते, अनेकांना हवे असते आणि हरवले तर परत मिळणार नाही, त्याच्यासाठी ही रचना उत्तम : ज्ञानकोश, कायद्यांचे संग्रह, हवामानाच्या जुन्या नोंदी, पुस्तकांची भांडारे. मराठीत दुर्मीळ ग्रंथांचे, जुन्या नियतकालिकांच्या अंकांचे स्कॅनिंग अनेक संस्था आणि व्यक्ती करतात. त्यांची सूची दर महिन्याला वाढते, पुस्तके मात्र बदलत नाहीत. सूचीची सही केलेली चिठ्ठी आणि हॅशवर ठेवलेले ग्रंथ, ही मांडणी त्यांना बेतून शिवल्यासारखी बसेल. नेहमीचे संकेतस्थळ दार म्हणून राहू द्यावे. मागे तीन-चार वाचनालयांनी किंवा महाविद्यालयांनी संपूर्ण प्रत ठेवून एकेक संगणक कायम जागा ठेवावा आणि खासगी किल्ली एकापेक्षा जास्त जबाबदार माणसांपाशी असावी, पण सही एकाच ठिकाणाहून व्हावी. यासाठी नवा शोध लागत नाही. ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकात एका संगणकाची, त्याच्या विजेची आणि तो सांभाळणाऱ्या माणसाची तरतूद लागते, आणि पंचवीस वर्षांत बहुतेक प्रयोग तिथेच अडले.